डॉक्टर सबनिसांचा घाट

लेस्टरच्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल यंदा पायी काढायची, आणि तीही कालव्याकाठच्या एका जुन्या गावाची, असा घाट डॉक्टर पद्माकर सबनीस यांनी घातला, तेव्हा कार्यकारिणीत कुणीही हरकत घेतली नाही. हे आपल्याबद्दलच्या आदरापोटी झालं असं डॉक्टरांना आजही वाटतं. खरं कारण एवढंच, की हरकत घेतली असती तर त्यांनी चीनची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली असती.

चीनची गोष्ट मंडळातल्या शाळकरी मुलांनाही पाठ होती. गेल्या वर्षी डॉक्टर आणि श्यामलाबाई एका टूरबरोबर चीनला जाऊन आले. भिंत झाली, राजवाडा झाला, आणि शेवटी शांघायच्या बाजूचं एक जुनं पाण्याचं गाव दिवसभर पायी हिंडून पाहायचं होतं. रस्त्यांच्या जागी कालवे, कालव्यांवर कमानीचे दगडी पूल, घरांच्या मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, त्या पायऱ्यांवर भाजी धुणाऱ्या बायका. गावाचं नाव डॉक्टर तीन प्रकारे उच्चारत. त्यातला एक उच्चार त्यांनी लेस्टरच्या चायनीज हॉटेलात करून पाहिला, तर वेटरनं सूप आणून दिलं.

पण डॉक्टरांना खरं वेड लावलं ते गावानं नव्हे, गाइडनं. जेमतेम खांद्याएवढी एक मुलगी, हातात काठीला बांधलेला पिवळा झेंडा, आणि तिच्यामागे बोळाबोळांतून वळणारी अख्खी टूर. झेंडा डावीकडे गेला की माणसं डावीकडे. झेंडा थांबला की माणसं थांबली. संध्याकाळी बसमध्ये सगळे हजर. डॉक्टरांनी सगळा जन्म कान-नाक-घशाच्या पेशंटांना सूचना देण्यात घालवला होता आणि त्यातली एकही सूचना कुणी पाळलेली त्यांना आठवत नव्हती. त्यामुळे त्या झेंड्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले. श्यामलाबाईंनी त्यांना रुमाल दिला आणि धूळ फार आहे म्हणाल्या.

आता या सहलीमागे आणखी एक कारण होतं, आणि ते मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं. मार्च महिन्यात डॉक्टर एका बहुमजली पार्किंगमध्ये हरवले होते. ज्या हॉस्पिटलात आयुष्य काढलं, त्याच हॉस्पिटलच्या. पार्किंग नवं बांधलेलं होतं हा त्यांचा बचाव होता, आणि तो खराही होता. पण शेवटी एका सिक्युरिटी गार्डनं त्यांना हाताला धरून त्यांच्याच गाडीपाशी पोचवलं, आणि वर त्यांच्या मुलीला फोन करून कळवलं. हाताला धरल्याचं डॉक्टरांनी मनावर घेतलं नसतं. मुलीला कळवल्याचं घेतलं.

मुलगी म्हणजे वरदा. जन्म लेस्टरचा, नॉटिंगहॅमला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. तिला मराठी पूर्ण समजे, फक्त बोलताना खुर्ची, टेबल आणि वडील यांची लिंगं ती अंदाजानं ठरवी. पार्किंगच्या प्रकरणानंतर तिनं एकच धोशा लावला होता. तिच्या गॅरेजवर एक छान खोली होती. आई-बाबांनी लेस्टरचं घर विकावं आणि तिथे राहायला यावं. अशा खोल्यांना इकडे ग्रॅनी अॅनेक्स म्हणतात.

"मी ग्रॅनी नाही," डॉक्टर म्हणाले.

"बाबा, इट्स जस्ट अ वर्ड."

"शब्दालाच तर माझी हरकत आहे."

शेवटी करार झाला. सहल डॉक्टरांनीच न्यायची. एकही माणूस न हरवता सगळे सुखरूप परत आले, तर वरदा गॅरेजचं नाव काढणार नाही. "बट इफ एनिथिंग हॅपन्स, बाबा, यू आर मूव्हिंग," ती म्हणाली, आणि जाण्यापूर्वी तिनं त्यांच्या फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं. तेव्हापासून डॉक्टर जिथे जातील तिथे वरदाच्या फोनवर एक निळा ठिपका जाऊ लागला. म्हणजे डॉक्टर सबनीस, एफआरसीएस, हे त्यांच्या लेकीच्या लेखी आता एक ठिपका होते.

तेव्हा ही सहल नव्हती, डॉक्टरांच्या राहत्या घराचा प्रश्न होता.

तयारी सूचनेपासून सुरू झाली. मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर शुद्ध मराठीतून लिहिणारा एकच माणूस होता आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान होता. 'कॅनॉल टाउन वॉक' असं लिहायला डॉक्टरांची बोटं तयार होईनात. पाण्याचं गाव म्हणजे जलगाव, असा सरळ विचार करून त्यांनी लिहिलं, 'चला जलगावी! पायी!' त्यावर पहिला अर्धा तास नुसते हसरे चेहरे आले. मग कुणीतरी विचारलं, व्हिसा लागेल का. आणि मग शशी नारखेडे यांचा फोन आला.

शशी नारखेडे लेस्टरमध्ये आयटीत होते, पण जन्मानं आणि जिभेनं अस्सल जळगावचे.

"डॉक्टर, वीस वर्षं झाली मला या मंडळात. कुणी म्हणून माझ्या गावाचं नाव घेतलं नाही. जेवण माझ्याकडे. भरीत-पुरी. वांगी मी सांगितलीसुद्धा बेलग्रेव्ह रोडवरच्या भाजीवाल्याकडे."

वांगी सांगून झाली होती म्हटल्यावर खुलासा करण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी आभार मानले आणि जेवणाची चिंता मिटली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग कालव्याची देखभाल करणाऱ्या संस्थेकडून ईमेल सुरू झाले. तीस माणसं काठाकाठानं चालणार म्हणजे धोक्यांचा आढावा हवा. माणसं पाण्यात पडण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त? डॉक्टरांनी प्रामाणिकपणे कळवलं, की ते पडणाऱ्यावर अवलंबून आहे. हे उत्तर परत आलं. झेंडा असणार आहे असं आपण लिहिता, तर तो कुठल्या संघटनेचा? डॉक्टरांनी कळवलं, माझ्या पत्नीच्या खणाचा. यावर तिकडे दोन आठवडे शांतता होती. मग एका बाईचा फोन आला आणि तिनं फार सौजन्यानं विचारलं, की हा काही निषेधाचा मोर्चा आहे का. डॉक्टरांनी तिला चीनची गोष्ट सांगितली. गोष्ट पुलांपर्यंत आली तेव्हाच परवानगी मिळाली.

शेजारच्या रेखाबेन मूळच्या घाटकोपरच्या, त्यामुळे सल्ला मराठीतून देत. "डॉक्टरसाहेब, माणसं मोजायची ना, तर खायच्या आधी मोजायची. खाल्ल्यावर माणूस पसरतो, मोजायला सापडत नाही." त्यांनी थेपल्यांचा एक डबाही आणून दिला. भरीत आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ते तर पोचेल तेव्हा पोचेल."

डॉक्टर गावाची पाहणीही दोनदा करून आले होते. थॉर्नली हे डर्बीशायरच्या डोंगरांतलं छोटंसं गाव. खाली खोऱ्यात कालवा, त्याच्या दोन्ही काठांना जुनी गोदामं, कमानीचे पूल, आणि मधोमध कालवा रुंद होतो तिथे पाण्यात उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या. पूर्वी तिथे बोटींतून कोळसा आणि चिनीमातीची भांडी चढत-उतरत. चिनीमातीचा उल्लेख वाचला तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली होती. योग जुळून येतात ते असे.

सहलीच्या दिवशी ऊन पडलं. इंग्लंडमध्ये सहलीच्या दिवशी ऊन पडलं की त्याचं श्रेय सहलीच्या प्रमुखाला मिळतं, निदान प्रमुख ते घेतो. चौकड्यांचा शर्ट, नवे बूट आणि हातात हिरव्या-जांभळ्या खणाचा झेंडा अशा थाटात डॉक्टर कोचमध्ये पुढे बसले. मोटरवेवर फोन वाजला.

"बाबा, तुमची डॉट मोटरवेवर आहे."

"मी बसमध्ये आहे, वरदा. बस मोटरवेवरून जाते."

चहाला थांबले तिथे पुन्हा फोन. "तुमची डॉट थांबली. आर यू ओके?" डॉक्टर रांगेत उभे होते, आणि रांग टॉयलेटची होती. तिसरा फोन आला तेव्हा मागच्या सीटवरून संजय परांजपे यांनी विचारलं, "काय डॉक्टर, हजेरी का?" संजय गेल्या वर्षीचे सहलप्रमुख. मूळचे रत्नागिरीचे, आणि त्यांच्या सहलीत जेवण गार झालं होतं हे डॉक्टर अधूनमधून सहज बोलून दाखवत. डॉक्टरांची कानशिलं तापली.

थॉर्नलीत उतरताना रस्त्यानं अशी काही वळणं घेतली, की कोचमधला निम्मा मराठी समाज एका सुरात म्हणाला, "काय घाट आहे हो!" वैभवी नावाची पुण्याची एक तरुण मुलगी, दोन वर्षांपूर्वीच इकडे आलेली, तिनं तर आलं-लिंबाच्या गोळ्या वाटल्या. डॉक्टरांना कालव्याखेरीज काही दिसत नव्हतं.

खाली गावात कोच थांबवायला जागा नव्हती. सगळ्यांना उतरवून कोच वर चढावरच्या कार पार्कमध्ये जाऊन थांबणार होता. उतरताना डॉक्टरांनी फोनकडे एकदा पाहिलं आणि तो सीटवरच ठेवून दिला. बसू दे ठिपक्याला बसमध्ये. मग त्यांनी झेंडा उंच केला आणि घोषणा केली, "आधी सगळे माझ्याबरोबर. बारा वाजता मोकळा वेळ. आणि एक वाजता जेवायला सगळ्यांनी घाटावर जमायचं. शशी, भरीत घाटावर!"

"घाटावर! ओके, डॉक्टर!" शशी म्हणाले.

पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांना मराठीत घाट म्हणतात. चीनमध्ये घराघराला घाट होता हे डॉक्टरांनी मंडळाला कितीदा तरी सांगितलं होतं. या शब्दात काही अडचण असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

पुढचा एक तास डॉक्टर सबनीस यांच्या आयुष्यातल्या उत्तम तासांपैकी होता. झेंडा डावीकडे गेला, माणसं डावीकडे गेली. पुलावर झेंडा थांबला, माणसं थांबली. बोटींतून जाणारी इंग्रज माणसं हात हलवत होती, आणि डॉक्टर झेंड्यानं त्यांना मान देत होते. "हा पूल बघा. तिकडे अगदी असाच, फक्त कमान जरा जास्त. ही गोदामं बघा. तिकडे याच्याच जागी चहाची दुकानं."

"काका," वैभवीनं विचारलं, "इथलं म्हणून काही बघायचं का?"

"चीन बघायला डर्बीशायरला आलो, असं सांगता येईल," संजय म्हणाले.

डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बारा वाजता माणसं मोजली तर सगळी हजर. श्यामलाबाईंच्या कानाशी लागून ते म्हणाले, "गॅरेज गेलं खड्ड्यात."

"गॅरेजला काही बोलू नका," श्यामलाबाई म्हणाल्या. "एक वाजू दे."

एक वाजला. खालच्या पायऱ्यांवर डॉक्टर, श्यामलाबाई आणि मंडळातले चार-पाच ज्येष्ठ एवढेच जमले. बाकी कुणाचा पत्ता नव्हता. शशी नव्हते, भरीत नव्हतं. कागदी प्लेटांची पिशवी मात्र डॉक्टरांकडे होती, आणि ज्येष्ठ मंडळी रिकाम्या प्लेटा मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसली होती. शेजारून बदकांची एक रांग गेली आणि प्लेटांत काही नाही हे बघून पुढे सरकली. श्यामलाबाईंनी थेपल्यांचा डबा उघडला. फोन करावा तर डॉक्टरांचा फोन बसमध्ये, श्यामलाबाईंचा घरी चार्जिंगला, आणि ज्येष्ठांच्या फोनांना त्या खोऱ्यात सिग्नल नव्हता. झेंडा उंच करून डॉक्टर पंधरा मिनिटं उभे राहिले. त्यांचा खांदा भरून आला.

तेवढ्यात निळ्या जॅकेटातले एक गृहस्थ काठावरून घाईघाईनं आले. कालव्यावर काम करणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्यापैकी. झेंडा बघून ते डॉक्टरांकडेच वळले.

"तुम्ही ग्रुपचे प्रमुख का? एक वयस्कर गृहस्थ हरवलेत. एशियन, सत्तरीतले. जरा गोंधळतात म्हणे. फोनही विसरून गेलेत. कुठे दिसले का तुम्हाला?"

गटातलं माणूस हरवलं होतं. पण प्रमुखानं घाबरून चालत नाही. ते छाती पुढे काढून म्हणाले, "नाही दिसले. पण काळजी करू नका. माणसं सांभाळण्याचा मला चांगला अनुभव आहे."

"त्यांची मुलगी फार घाबरली आहे."

"घाबरणारच. अशा माणसांना खरं तर एकटं सोडूच नये."

"अगदी खरंय," गृहस्थ म्हणाले आणि दुसऱ्या काठाला शोधायला गेले.

"संजय असणार," डॉक्टर श्यामलाबाईंकडे वळून म्हणाले. "सकाळपासून नुसता टोमणे मारत होता. लक्ष नव्हतं त्याचं."

"संजयला मुलगी कुठे आहे? आणि तो साठीचासुद्धा नाही."

"मग गटाबाहेरचं कुणी असेल. गुजराती मंडळींचीही सहल असेल आज."

श्यामलाबाई थेपल्याचा तुकडा हातात धरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुमचा फोन कुठाय?"

"बसमध्ये. मुद्दाम ठेवून आलो."

"बरं," त्या म्हणाल्या. आणखी काही म्हणणार होत्या, पण इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी ज्याच्या त्यानं शोधून काढलेल्या बऱ्या, हे त्या शिकल्या होत्या. "मग असं करा. तुम्ही वर जाऊन शोधा त्या गृहस्थांना. मला वाटतं, वर गेलात की सापडतील. माझे गुडघे काही चढायचे नाहीत, आम्ही समोर चहाच्या दुकानात बसतो."

डॉक्टर झेंडा घेऊन निघाले. कालवा तिथे पायरीपायरीनं डोंगर चढत होता. दर थोड्या अंतरावर लाकडी दरवाजे, मध्ये पाण्यानं भरलेलं टाकं, त्यात वर चढवली जाणारी बोट. काठावरून चढताना डॉक्टर भेटेल त्याला थांबवून विचारत होते, "एक्सक्यूज मी, एक गोंधळलेले वृद्ध गृहस्थ पाहिलेत का?" लोक त्यांच्याकडे, मग झेंड्याकडे बघत आणि फार आपुलकीनं विचारत, "तुम्ही ठीक आहात ना?" एका बाईनं तर त्यांना बाकावर बसवून पाणी प्यायला लावलं. इंग्रज माणसं वाटतात त्यापेक्षा प्रेमळ असतात, असं डॉक्टरांचं मत झालं.

वर पोचले तर समोर कार पार्क, कोच, आणि गवतावर अंथरलेल्या चादरींवर बाकीचं अख्खं मंडळ. मध्यभागी भरिताची पातेली, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, पुऱ्यांचा ढीग. प्लेटा नसल्यानं माणसं पुरीवरच भरीत घेऊन खात होती.

"डॉक्टर!" शशी ओरडले. "सापडले! डॉक्टर सापडले!"

"मी सापडलो म्हणजे? मी तुम्हाला शोधतोय! घाटावर जमायचं ठरलं होतं ना?"

"मग हे काय आहे?" शशींनी खाली वळणं घेत गेलेल्या रस्त्याकडे हात केला. "हा काय घाट नाही? बसमध्ये सगळे ओरडले नाहीत, काय घाट आहे म्हणून? मी म्हटलं, डॉक्टरांनी काय सोय केलीय! बस घाटावर, भरीत बसमध्ये. उचलायलासुद्धा नको."

"आम्ही कोकणातले," संजय पुरी चावत म्हणाले. "घाटावर या म्हटलं, की आम्ही वरच येणार."

डॉक्टर मटकन बाकावर बसले. शब्द त्यांचा होता. शुद्ध होता. चूक काढायला जागाच नव्हती, आणि तरी मंडळ दोन वेगवेगळ्या घाटांवर जेवायला बसलं होतं. एखादा वाईट इंग्रजी शब्द वापरला असता तर सगळे एकत्र जेवले असते, हा विचार त्यांनी मनात येताक्षणी हुसकून लावला.

"बरं, माणसं तरी सगळी आहेत," ते म्हणाले. "फक्त एक म्हातारे गृहस्थ हरवलेत म्हणे. कोण ते?"

शशी पातेल्यात बघू लागले. शेवटी वैभवीनं हिंमत केली.

"काका, ते तुम्ही."

"मी?"

"वरदाताई आल्या होत्या नॉटिंगहॅमहून, तुम्हाला सरप्राइज द्यायला. ठिपका बघत बसपाशी आल्या, तर सीटवर नुसता फोन. तुम्ही नाही. आम्ही म्हटलं येतील एवढ्यात, पण त्या फार घाबरल्या. एका निळ्या जॅकेटवाल्यांना सांगितलं आणि स्वतः खाली शोधायला गेल्या."

गोंधळलेले. वृद्ध. अशा माणसांना एकटं सोडूच नये. हे वाक्य स्वतःच्या तोंडून, छाती पुढे काढून, आपण आपल्याबद्दलच उच्चारलं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, आणि वाटेतल्या त्या पाणी पाजणाऱ्या बाईचा प्रेमळपणाही आता वेगळ्या प्रकाशात दिसू लागला. अपमान मोठा होता. एरवी तो त्यांनी आठवडाभर पुरवून पुरवून भोगला असता. पण पुढचाच प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला.

"खाली कुठल्या वाटेनं गेली ती? मी आत्ता कालव्याच्या काठानं आलो. मला भेटली नाही."

"काठानं नाही गेल्या," वैभवी म्हणाली. "तिकडे ती पायवाटेची पाटी आहे ना, 'व्हार्फ'ची, तिकडून. पाऊण तास तरी झाला. फोन लागत नाहीये."

पाटीचं नाव ऐकताच डॉक्टर उठून उभे राहिले. ती पाटी त्यांना चांगली ठाऊक होती. थॉर्नलीत पूर्वी दोन व्हार्फ, म्हणजे बोटींचे धक्के, होते. एक गावातला, अजून वापरात असलेला. दुसरा डोंगराच्या कुशीत, कधीचा बुजून गेलेला. पाटी त्या दुसऱ्या धक्क्याची होती. वाट दोन शेतं ओलांडून एका चिखलाच्या खाचरात नेऊन सोडत होती आणि तिथून ना गाव दिसत होतं, ना कालवा. डॉक्टरांना हे ठाऊक होतं, कारण पहिल्या पाहणीच्या वेळी ते स्वतः त्या खाचरात जाऊन दीड तास अडकले होते. ही गोष्ट त्यांनी श्यामलाबाईंनाही सांगितली नव्हती.

"मी जातो," ते म्हणाले.

"डॉक्टर, आम्ही येतो बरोबर," संजय उठत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता.

"कुणी हलू नका. एकालाही मी आता जागचं हलू देणार नाही. शशी, माझ्यासाठी पुऱ्या ठेवा."

पहिलं शेत ओलांडेपर्यंत डॉक्टर प्रमुखासारखे चालत होते. दुसऱ्या शेतात ते जवळजवळ पळू लागले. वरदा शहरात वाढलेली, शहरात राहणारी. पाय मुरगळला असेल तर? खाचरात पडली असेल तर? धाप लागली, बूट चिखलात रुतले, आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, की ही पोरगी आपल्याला शोधायला निघालीय आणि आपण फोन बसमध्ये ठेवून आलो.

वरदा खाचराच्या अलीकडच्या कुंपणावर होती. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्यांतल्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी, एका पायात पांढरा बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. आणि कुंपणाच्या या बाजूला सात-आठ दांडगे खोंड गोल करून तिच्याकडे माना वर करून बघत होते.

"बाबा!" ती ओरडली. "डोंट कम! दे आर बुल्स!"

"खोंड आहेत. तुझ्यासारखेच, नुसते चौकस," डॉक्टर म्हणाले. त्यांचं बालपण मिरजेच्या मळ्यांतून गेलं होतं. त्यांनी झेंडा उंच केला, "हैऽऽ! हैऽऽ!" अशी हाळी दिली आणि डावीकडे चालू लागले. खोंडांनी झेंड्याकडे पाहिलं. मग एक वळला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा कळप डॉक्टरांच्या मागोमाग एका रांगेत शेताच्या दुसऱ्या टोकाला गेला. डॉक्टर थांबले तेव्हा खोंडही थांबले. चीनमधली ती मुलगी हे बघायला हवी होती, असं त्यांना फार वाटलं. तिथेच झेंडा कुंपणाच्या खांबाला टेकवून, खोंडांना खण हुंगत ठेवून, ते गुपचूप परत आले.

वरदा खाली उतरली. तिच्या एका हातात तिचा फोन होता, दुसऱ्यात त्यांचा.

"कुठे होता तुम्ही?"

"घाटावर. तू कुठे होतीस?"

"मी हरवला नाही. मी इथेच थांबला होता."

"थांबले होते."

"बाबा, नॉट नाऊ!" असं म्हणून ती रडायलाच लागली. "सीटवर फोन होती, तुम्ही नव्हता. मला वाटलं तुम्ही पाण्यात... आय थॉट..."

फोन होता की होती, हे डॉक्टरांनी या वेळी दुरुस्त केलं नाही. रोजच्या त्या फोनांचा त्यांना किती राग यायचा. त्या फोनांच्या आत एवढी भीती भरलेली असेल हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी लेकीला जवळ घेतलं. मग चिखलात हात घालून तिचा बूट उपसून काढला, रुमालानं पुसला आणि खाली वाकून तिच्या पायात घातला.

"मी इथे आहे हे तुम्हाला कसं कळलं?" तिनं नाक पुसत विचारलं.

"अनुभव," डॉक्टर म्हणाले, आणि अधिक तपशिलात शिरले नाहीत.

वाटेनं परतताना ती म्हणाली, "गॅरेजवरच्या खोलीत मी ट्रेडमिल ठेवीन."

"ठेव. चढावर तुला दम लागतोय."

ती हसली. डॉक्टर हसले नाहीत, कारण दम त्यांनाही लागला होता आणि तो लपवायला सगळा श्वास खर्ची पडत होता.

कार पार्कच्या तोंडाशी निळ्या जॅकेटातले गृहस्थ भेटले. त्यांनी चिंतेनं विचारलं, "सापडले का ते?"

"सापडली," डॉक्टर म्हणाले.

"ते बरे आहेत ना?"

"ती अगदी बरी आहे. जरा गोंधळली होती."

गृहस्थ दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

मंडळानं त्यांना बघून टाळ्या वाजवल्या. शशींनी खरोखरच पुऱ्या ठेवल्या होत्या. मग कोच खाली गेला, चहाच्या दुकानासमोर थांबला, श्यामलाबाई आणि बाकीचे ज्येष्ठ चढले, आणि उरलेलं भरीत त्यांना जागेवर वाढलं गेलं. ते गार झालं होतं, पण संजय त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. श्यामलाबाईंनी लेकीच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सापडले का ते गृहस्थ?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वरच होते." श्यामलाबाईंनी मान हलवली आणि भरिताचा घास घेतला.

वरदाची गाडी वरच्या कार पार्कमध्ये होती. आईला भेटायला ती कोचमधूनच खाली गेली होती आणि कोचमधूनच परत वर आली. दाराशी उभी होती, हातात गाडीची किल्ली, गळ्यात दवाखान्याच्या ओळखपत्राचा पट्टा, एकूण कुणालाही हीच इथली जबाबदार बाई वाटावी अशी. ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडे बघून विचारलं, "सगळे आले ना, मॅडम? निघू?"

डॉक्टरांनी माणसं आधीच मोजली होती. सगळी होती. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा, पण वरदा आधी बोलली.

"डोंट आस्क मी," ती म्हणाली. "मी हरवले होते. सगळ्यांना आणलं ते माझ्या बाबांनी. लीडर ते आहेत."

वाक्य इंग्रजीत सुरू होऊन मधेच मराठीत शिरलं होतं, त्यामुळे ड्रायव्हरला निम्मंच कळलं. पण सगळ्या कोचला ते पूर्ण कळलं, आणि त्यात लिंगाची एकही चूक नव्हती.

डॉक्टर सबनीस जागचे उठले. शर्ट खाली ओढला आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत, एकेका माणसापाशी क्षणभर थांबत, पुन्हा मोजायला लागले. तशी काही गरज नव्हती. पण सगळा कोच आपल्याकडे बघत असताना, आणि लेक दाराशी उभी असताना, मोजायला त्यांना फार बरं वाटत होतं.